हयातीचा दाखला

वेबसाइटच्या सर्टिफिकेटबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. पण दर वेळी वाटायचं, शनिवारी सकाळी चहाबरोबर हे कोण वाचणार? सोमवार ते शुक्रवार तेच चालू असतं की. पण या विषयात माझी जी फजिती झाली ती ऑफिसात नाही झाली, हातखंब्याला काकांच्या खळ्यात झाली. तेव्हा लिहायला हरकत नसावी.

ज्यांना हातखंबा माहीत नाही त्यांच्यासाठी: मुंबई-गोवा हायवेवरून रत्नागिरी शहराकडे जायला जिथे वळतात, ते गाव. गाडीतून जाणाऱ्याला फक्त तिठा माहीत असतो. पुण्याहून रात्री निघालं की बस आंबा घाट उतरून साखरपा, पाली करत सकाळी तिठ्यावर सोडते. तिथून आतल्या रस्त्याने वीस मिनिटं चाललं की काकांचं घर.

काका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. रिटायर झाल्यावर त्यांनी पूर्ण वेळ कलमांकडे बघायला सुरुवात केली. आंबा जायचा वाशीला. मग २०२० चा लॉकडाउन आला, तोही ऐन हंगामात. माल झाडावर तयार आणि तो पुढे कसा जाणार ते कोणालाच सांगता येईना. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, घरीच बसून होतो. पंधरा दिवसांत काकांसाठी साइट उभी केली: नाव, पत्ता, किती पेट्या, कधी हव्यात. क्लाउडवरचा सगळ्यात लहान व्हर्च्युअल सर्व्हर, त्यावर एनजिनएक्स, आणि लेट्स एन्क्रिप्टचं फुकट सर्टिफिकेट. सोसायट्यांमधून ऑर्डरी आल्या, त्या वर्षी आंबा वाया गेला नाही, आणि मी घराण्यातला कर्तबगार मुलगा ठरलो. पुढची चार वर्षं त्याच पुण्याईवर चालली होती.

तर झालं असं की, २० एप्रिल २०२४ च्या शनिवारी मी तिठ्यावर उतरून घरी पोचलो. काका खळ्यात अढी उलगडून बसले होते. पेंढ्यातला एकेक आंबा हातात घेऊन, देठाकडे वास घेऊन बाजूला ठेवत होते. मान वर न करता म्हणाले, "काय रे, तुझ्या साइटला यंदा मंदी आहे काय? रामनवमीपासून एक ऑर्डर नाही."

मी म्हटलं, असेल, शाळांच्या परीक्षा चालू आहेत. (कशाचा कशाला संबंध नाही, पण आमच्या क्षेत्रात पहिलं उत्तर असंच द्यायचं असतं.) मग पडवीत येऊन फोनवर साइट उघडली. लाल त्रिकोण. कनेक्शन खाजगी नाही, कोणीतरी तुमची माहिती चोरत असू शकतं वगैरे. खाली बारीक अक्षरांत खरं कारण: सर्टिफिकेटची मुदत संपली. तारीख १७ एप्रिल. म्हणजे बरोबर रामनवमी.

पोटात गोळा आला. अक्षय्य तृतीया १० मे ला होती. तिच्या आधीचे तीन आठवडे म्हणजे काकांचा निम्मा हंगाम.

ज्यांचा या भानगडीशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तुम्ही एखाद्या साइटवर जाता तेव्हा ब्राउझर दोन गोष्टी बघतो. मधल्या कोणाला वाचता येणार नाही असं बोलणं करता येतंय का, आणि समोरचा खरोखर त्या नावाचाच आहे का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे सर्टिफिकेट. ब्राउझर ज्यांच्यावर विश्वास ठेवतो अशा मोजक्या संस्था ते देतात. पूर्वी त्यासाठी पैसे मोजावे लागायचे. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था ३ डिसेंबर २०१५ ला सगळ्यांसाठी खुली झाली, आणि आमच्यासारख्यांना ते फुकट मिळायला लागलं. अट एकच: सर्टिफिकेट नव्वद दिवसांचं. संपायच्या आत नवं घ्यायचं. ते काम सर्टबॉट नावाचा छोटा प्रोग्राम करतो. तीस दिवस उरले की तो दिवसातून दोनदा प्रयत्न करायला लागतो. आपण काही करायचं नसतं. चार वर्षं मी खरोखरच काही केलं नव्हतं.

लॅपटॉप उघडला. पडवीच्या एका कोपऱ्यातच फोनला रेंज येते, तिथे फोन खिडकीत ठेवला आणि सर्टबॉट हाताने चालवला. फेल. परत चालवला. फेल. सर्व्हर रीस्टार्ट करून परत. फेल. पाचव्यांदा फेल झाल्यावर मी सहाव्यांदा चालवला, तेव्हा पलीकडून उत्तर आलं की तुमचे फार प्रयत्न चुकलेत, आता एक तास थांबा. लेट्स एन्क्रिप्टचा तसा नियमच होता, एका नावासाठी तासात पाच चुकलेले प्रयत्न. नियम मला माहीत होता. ऑफिसात एका ज्युनिअरला मी तो समजावूनही सांगितला होता, वर "आधी एरर वाचायची, मग कमांड मारायची" असा सल्लाही दिला होता.

आता तासभर हातात काहीच नव्हतं, म्हणून एरर वाचली. कनेक्ट होताना वेळ संपला, बहुतेक फायरवॉलची अडचण. इतकं स्पष्ट लिहिलं होतं!

फायरवॉल. फेब्रुवारीतला एक रविवार आठवला. सुरक्षेवरचं काहीतरी वाचून मला उत्साह आला होता, आणि क्लाउडच्या पॅनेलमध्ये जाऊन मी पोर्ट ८० बंद करून टाकलं होतं. सगळं ट्रॅफिक ४४३ वरून एचटीटीपीएसने येतं, मग जुनं दार उघडं कशाला ठेवायचं? आणि साइट व्यवस्थित चालत राहिली, कारण हल्लीचे ब्राउझर आधी ४४३ वरच जातात. पण लेट्स एन्क्रिप्ट नवं सर्टिफिकेट देण्याआधी एक खात्री करून घेतं. सर्टबॉट तुमच्या सर्व्हरवर एक छोटी फाइल ठेवतो, आणि ती वाचायला ते बाहेरून पोर्ट ८० वर येतात. ते दार मी लावून घेतलं होतं. १८ मार्चपासून १७ एप्रिलपर्यंत दिवसातून दोनदा, म्हणजे साठेक वेळा सर्टबॉटने प्रयत्न केला, साठेक वेळा फसला, आणि प्रत्येक वेळी त्याने ते इमानदारीत लॉगमध्ये लिहून ठेवलं. लॉग वाचणारा कोणी नव्हता. मुदत संपत आल्याचे मेलही तेव्हा यायचे, पण मी पत्ता दिला होता कॉलेजचा. तो खातं बंद होऊन जमाना झाला.

म्हणजे क्लाउडवाल्यांची चूक नाही, सर्टिफिकेटवाल्यांची नाही, सर्टबॉटची तर अजिबातच नाही. पूर्ण माझी.

काकू चहा घेऊन आली. म्हणाली, "काल रात्री दादरच्या बाईंचा फोन आला होता. पहिल्या वर्षापासून घेतात ना, त्या. विचारत होत्या, सर बरे आहेत ना?" दोन दिवस साइट उघडेना, काका बागेत असले की त्यांचा फोन लागत नाही, आणि वयस्कर माणूस. बाईंना वाटलं, काही बरंवाईट झालं की काय.

मी काकांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी शिक्षकासारखं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मुळात मुदत कशाला? साइट तुझी, नाव तुझं. एकदा दिला दाखला की झालं. सातबाऱ्याला असते का मुदत?"

प्रश्न बरोबर होता, आणि माझ्याकडे तास होता. त्यांना २०१४ ची गोष्ट सांगितली. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग अथॉरिटीज हे सरकारी कार्यालय आहे. त्याच्या शिक्क्याखाली एनआयसी, म्हणजे सरकारी साइट सांभाळणारं नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटर, सर्टिफिकेटं द्यायचं. जुलै २०१४ मध्ये गूगलला आढळलं की एनआयसीच्या सहीने गूगलच्याच नावांची सर्टिफिकेटं निघाली आहेत, गूगलने न मागता. कंट्रोलरचा शिक्का मायक्रोसॉफ्टच्या यादीत होता, त्यामुळे विंडोजवरचे बरेच प्रोग्राम त्या खोट्या सर्टिफिकेटांना खरं मानणार होते. फायरफॉक्सची यादी वेगळी आणि त्यात हा शिक्का नव्हता, म्हणून तो वाचला. एनआयसीची ती अधिकारपत्रं लगेच रद्द झाली, आणि पुढे क्रोमने तो शिक्का gov.in, nic.in असल्या मोजक्या भारतीय नावांपुरताच मानायचं ठरवलं.

"आता बघा," मी म्हटलं, "खोटा दाखला एकदा बाहेर पडला की तो परत गोळा करणं अवघड. रद्द केलाय ही बातमी प्रत्येक ब्राउझरपर्यंत वेळेवर पोचेलच असं नाही. म्हणून आयुष्यच छोटं ठेवायचं. चुकीचा असला तरी आपोआप मरतो. आणि खरा असला तरी मधल्या काळात माणूस बदललेला असू शकतो. नाव दुसऱ्याने घेतलं, सर्व्हर दुसऱ्याचा झाला, किल्ली चोरीला गेली. जानेवारीत ही जागा माझी होती यावरून एप्रिलमध्येही माझीच आहे हे कळत नाही."

काका थोडा वेळ आंबे निवडत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे हयातीचा दाखला म्हण की."

मी बघतच राहिलो. पेन्शनर मंडळींना हे सांगायला नको. दर नोव्हेंबरला आपण जिवंत आहोत हे कळवायचं, नाहीतर पेन्शन थांबते. मागच्या वर्षी जिवंत होतो हे चालत नाही. २०१४ पासून बोटाचा ठसा देऊन डिजिटल 'जीवन प्रमाण'ही काढता येतं, आणि नंतर पोस्टमन घरी येऊन ते करून द्यायला लागले. मी इतकी वर्षं सर्टिफिकेटला जन्मदाखल्यासारखं समजत होतो. एकदा काढलं, फाइलला लावलं, विसरलो. काकांनी एका वाक्यात दुरुस्ती केली.

वर म्हणाले, "पोस्टमन महिनाभर दिवसातून दोनदा दारावर आला, आणि तू आतून कडी लावून बसलास. मग त्याने काय लिहायचं?"

तासाने फायरवॉलमध्ये पोर्ट ८० उघडलं, सर्टबॉट चालवला आणि दहा सेकंदांत नवं सर्टिफिकेट मिळालं. साइट मात्र अजून लालच! कारण एनजिनएक्सने जुनं सर्टिफिकेट मेमरीत धरून ठेवलेलं. त्याला रीलोड करायला सांगितलं, तेव्हा कुठे साइट उघडली. ही पायरीसुद्धा पुष्कळ जण विसरतात, हे आपलं मनाच्या समाधानासाठी.

साइट सुरू झाली, पण तीन दिवस परत आले नाहीत. आंब्याला रीलोड नसतो. ऑर्डरी येतील या हिशोबाने काकांनी आधीच आंबा उतरवून अढी लावली होती, आणि अढीतला आंबा कोणासाठी थांबत नाही. बावीस पेट्या वाशीला पाठवाव्या लागल्या, त्याही पिकायला आलेल्या. पट्टी आली ती काकांनी बघितली, घडी करून डब्यात ठेवली आणि मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

आणखी एक गोष्ट नंतर लक्षात आली, ती जास्त लागली. साइटवर मी एचएसटीएस लावलं होतं. त्याचा अर्थ, ज्या ब्राउझरने आपली साइट एकदा सुरक्षितपणे बघितली आहे, त्याने पुढे वर्षभर सर्टिफिकेटमध्ये जराही खोट दिसली तर आत सोडायचंच नाही. "तरीही पुढे जा" हा पर्यायसुद्धा मिळत नाही. नव्या माणसाला तो मिळतो. म्हणजे कोणी परका आला असता तर धोका पत्करून आत शिरू शकला असता, आणि दादरच्या बाईंसारखी जुनी गिऱ्हाईकं मात्र दाराबाहेर. ज्यांनी आपल्यावर आधी विश्वास टाकला, त्यांच्यासाठीच दार सगळ्यात घट्ट बंद. तांत्रिकदृष्ट्या हे अगदी बरोबर आहे. जुन्या माणसाला समोरचा बदललाय हे आधी कळलं पाहिजे. पण बरोबर असण्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी भरलेली बघवत नाही.

पुण्याला परत आल्यावर थोडा शोध घेतला, दुःखात सोबत म्हणून. ६ डिसेंबर २०१८ ला ब्रिटनमध्ये ओ-टू कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांचा मोबाइल डेटा दिवसभर बंद पडला होता. कारण, एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधलं मुदत संपलेलं सर्टिफिकेट. ३ फेब्रुवारी २०२० ला मायक्रोसॉफ्ट टीम्स काही तास बंद. कारण तेच. या कंपन्यांकडे माणसं आहेत, पैसा आहे, टूल्स आहेत. पण तारीख लक्षात ठेवणं हे काम इतकं क्षुल्लक असतं की ते कोणाच्याच वाट्याला येत नाही.

"मग क्लाउडचीच सर्टिफिकेट सेवा वापर ना," असं मित्र म्हणाला. चांगला सल्ला आहे. अमेझॉनची अशी सेवा २०१६ मध्ये आली, इतरांकडेही आहेत, आणि नूतनीकरण त्याच करतात. पण तिथेही अट असते. तुमच्या डोमेनच्या डीएनएसमध्ये त्यांनी दिलेली एक नोंद कायम ठेवावी लागते. ती बघूनच त्यांना कळतं की डोमेन अजून तुमच्याच हातात आहे. उद्या डीएनएस दुसरीकडे हलवताना "हे काय विचित्र नाव आहे" म्हणून कोणी ती ओळ पुसली, की साइट चालू राहते आणि नूतनीकरण गुपचूप थांबतं. माझ्या पोर्ट ८० चीच दुसरी आवृत्ती. पोस्टमन बदलला तरी कडी आपल्याच हातात.

तेव्हा आता मी काय करतो ते सांगतो. पोर्ट ८० उघडं ठेवतो, आलेल्याला तिथून ४४३ वर पाठवायचं एवढंच त्याचं काम. फायरवॉल किंवा डीएनएसला हात लावला की लगेच सर्टबॉटची रंगीत तालीम चालवतो, म्हणजे 'ड्राय रन'. तिच्यात खरं सर्टिफिकेट निघत नाही, पण कडी लागलेली असेल तर तिथेच कळतं. नवं सर्टिफिकेट आलं की एनजिनएक्स आपोआप रीलोड होईल अशी सोय केली आहे. आणि एक छोटी स्क्रिप्ट दुसऱ्याच मशीनवरून रोज साइट उघडून बघते. बाहेरच्या माणसाला दिसतं ते सर्टिफिकेट किती दिवसांचं उरलंय? वीसच्या खाली गेलं की माझ्या फोनवर मेसेज. दुसरं मशीन महत्त्वाचं, कारण स्वतःच्या मरणाची बातमी सर्व्हर स्वतः देऊ शकत नाही. इशाऱ्याच्या मेलवर तर आता विसंबताच येत नाही. लेट्स एन्क्रिप्टने ते ४ जून २०२५ पासून बंद केले.

पुढे हे आणखी वेगाने होणार आहे. सप्टेंबर २०२० पासून कोणत्याही सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत ३९८ दिवस होती. एप्रिल २०२५ मध्ये ब्राउझरवाले आणि सर्टिफिकेटवाले यांच्या फोरमने ठराव केला: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, मार्च २०२७ पासून १००, आणि मार्च २०२९ पासून फक्त ४७. म्हणजे ज्या कंपन्यांत अजून एक्सेल शीटमध्ये तारखा ठेवून वर्षातून एकदा हाताने सर्टिफिकेट बदलतात, त्यांना ऑटोमेशनशिवाय गत्यंतर नाही. आणि ज्यांचं ऑटोमेशन आहे त्यांनी माझी गोष्ट लक्षात ठेवावी. ऑटोमेशनमुळे काम संपत नाही. कोणीतरी लक्ष ठेवायचं हे काम उरतंच, फक्त दिसेनासं होतं.

काकांना ४७ दिवसांचं सांगितलं, तर म्हणाले, "बरं आहे. आमचा वर्षातून एकदाच असतो."

त्यांनी स्वतःची व्यवस्थाही केली आहे. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दर दोन महिन्यांनी एका चौकोनात लाल पेनाने 'दाखला' असं लिहिलेलं असतं. माझ्या स्क्रिप्टवर त्यांचा विश्वास नाही, आणि का असावा? त्या दिवशी संध्याकाळी फोन येतो. तब्येत, पाऊस, मोहोर, मग शेवटी, "दिलास का रे दाखला?"

मी "दिला" म्हणतो. मग फोन ठेवायच्या आधी लॅपटॉप उघडून खरंच बघतो.